टाळ्या एकीकडं, मत दुसरीकडं

२ जानेवारी २०१६ चा शनिवार मला चांगला आठवतो. सकाळपासून टीव्हीवर फक्त पठाणकोट सुरू होतं, हवाई तळावर हल्ला झाला होता, प्रत्येक चॅनेलवर तेच, आणि नागपुरात थंडी अशी की आबा दोन शाली आणि वरून गोधडी घेऊन पलंगावर बसून होते. रात्री जेवणं झाल्यावर खालच्या पट्टीत एक ओळ आली, ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन यांचं निधन. आली तशी गेली, पुन्हा पठाणकोट. मी आबांच्या समोर बसून मोठ्यानं सांगितलं, आबा, बर्धन गेले. त्यांनी माझे ओठ पाहिले आणि म्हणाले, "अजून एकडाव सांग." मी परत सांगितलं. मग ते बराच वेळ बोललेच नाहीत, गोधडी बाजूला केली आणि पाय खाली सोडून सरळ बसले, घरात कोणी मोठं माणूस आल्यावर बसतात तसे.

ओठ पाहायची त्यांची सवय कापड मिलमधली. १९५२ ला अठराव्या वर्षी ते बदली कामगार म्हणून लागले आणि पुढं सगळं आयुष्य लूमवर काढलं. शेकडो लूम एकाच शेडमध्ये एकाच वेळी चालतात तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथले लोक हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलतात. वीस-पंचवीस वर्षांत कान जातात ते जातातच, आणि गेलेत हे घरच्यांना आधी कळतं, त्या माणसाला सगळ्यात शेवटी. नागपुरातल्या टिमकी वस्तीतल्या आमच्या घरात म्हणून सगळेच जोरात बोलायचे, अजूनही बोलतो, आणि बाहेरच्यांना वाटतं यांच्यात भांडण सुरू आहे. तर आबा म्हणायचे की बर्धनचं भाषण मले ऐकू येत जाय. बाकीच्या पुढाऱ्यांचं अर्धं समजायचं, अर्धं शेजाऱ्याला विचारावं लागायचं, पण हा माणूस शब्द सुटा सुटा करून, खणखणीत बोलायचा. मला हे लहानपणी फार साधं कारण वाटायचं, एखादा नेता आवडायचं हे काय कारण झालं. आता वाटतं यापेक्षा मोठं कारण कोणतं असणार.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अर्धेन्दु भूषण बर्धन, जन्म सप्टेंबर १९२४ चा, पूर्व बंगालातला, जो भाग आता बांगलादेशात आहे. पंधरा वर्षांच्या आसपास ते नागपूरला आले आणि मग नागपूरचेच झाले. १९४० ला विद्यार्थी चळवळीत, त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षात, तेव्हा पक्षावर बंदी होती हे लक्षात घ्या, म्हणजे सोळाव्या वर्षी ज्या पक्षात गेले तो पक्ष उघडपणे नावही सांगू शकत नव्हता. नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले, अर्थशास्त्रात एमए केलं, वकिलीची डिग्री घेतली. त्या काळात, त्या डिग्र्यांवर, नागपूरसारख्या गावात माणूस धंतोलीत बंगला बांधून हायकोर्टात आरामात प्रॅक्टिस करू शकला असता. हे मिलच्या गेटवर गेले.

आणि ते नागपूर कोणतं होतं तेही बघायला पाहिजे ना. तेव्हा हे मध्यप्रांत आणि वऱ्हाडचं राजधानीचं गाव होतं. हिंदी-मराठी दोन्हीत चालणारं गाव, म्हणून बंगाली घरातला मुलगा इथं परका पडला नाही, अस्खलित मराठी बोलायला लागला. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथं सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून ते नाव. नंतर मॉडेल मिल आली, आणि भोवती हातमागवाल्यांच्या वस्त्या, टिमकी, तांडापेठ, पाचपावली. इथल्या महाल भागात १९२५ च्या दसऱ्याला संघाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिकडं कानपूरला कम्युनिस्ट पक्षाची. २०२५ ला दोघांनाही शंभर वर्षं झाली. बर्धन या दोघांपेक्षा एक वर्षानं मोठे, आणि संघाच्या गावात राहून त्यांनी आयुष्यभर लाल बावट्याचं काम केलं. १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी राजधानी हातची गेली. एवढं सगळं एका गावात, एकाच पिढीच्या डोळ्यांसमोर, आणि त्यात एक बत्तीस वर्षांचा बंगाली वकील कामगारांना मराठीत समजावून सांगतोय की पगार म्हणजे काय, नफा म्हणजे काय.

१९५७ च्या निवडणुकीत ते अपक्ष म्हणून नागपुरातून विधानसभेवर गेले. राज्य तेव्हा द्विभाषिक मुंबई. त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेस आडवी झाली होती, पण विदर्भात काँग्रेस मजबूत राहिली आणि यशवंतराव चव्हाणांचं सरकार टिकायला त्याचा मोठा हातभार लागला. म्हणजे विदर्भात काँग्रेसला बाजूला सारून निवडून येणं सोपं नव्हतं, आणि बर्धन आले. आबांचं आयुष्यातलं पहिलं मत ते. तेवीस वर्षांचे होते. मिलला सुट्टी होती, धुतलेला शर्ट घातला होता, एवढंच सांगायचे, पण ते सांगताना उजव्या हाताचं बोट आपोआप वर करायचे.

पाच वर्षांची ती एक टर्म. त्यानंतर बर्धन कुठल्याही सभागृहात कधीच बसले नाहीत. लोकसभा नाही, राज्यसभा नाही, मंत्रिपद तर दूरच. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही, मला वाटायचं इतकी वर्षं टीव्हीवर दिसणारा माणूस कधीतरी खासदार असणारच.

१९६७ ला ते लोकसभेला उभे राहिले, काँग्रेसचे देवघरे निवडून आले. १९८० ला परत उभे राहिले, आणि समोर जांबुवंतराव धोटे. धोटे म्हणजे विदर्भवीर, १९७१ ला वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर फॉरवर्ड ब्लॉककडून इथूनच निवडून आलेले, आणि १९८० ला ते इंदिराबाईंच्या काँग्रेसमध्ये. म्हणजे विदर्भाचा सिंह आणि इंदिरा लाट, दोन्ही एकाच बाजूला. बर्धन हरले. त्यात भाकपनं, म्हणजे बर्धनांच्या कम्युनिस्ट पक्षानं, आणीबाणीला पाठिंबा दिला होता हे लोक विसरले नव्हते, आणि विसरायला नकोच होतं. पक्षानं १९७८ ला भटिंड्याच्या अधिवेशनात ती चूक मान्य केली. पण ज्या माणसांनी स्वतः तुरुंगात वर्षं काढली त्यांच्या पक्षानं दुसऱ्यांना तुरुंगात टाकणाऱ्या सरकारच्या मागं उभं राहावं, हे मला आजही पटत नाही. बर्धनांबद्दल कितीही आदर असला तरी हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

तर त्या रात्री, पठाणकोटच्या बातम्या सुरू असताना, मी आबांना सहज म्हटलं की दोन्ही वेळा तुम्ही मत दिलं असेल ना त्यांना, आणि पडले बिचारे. आबा म्हणाले, "सदुसष्टले देलं. ऐंशीले नाही देलं."

मला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. आमच्या घरात बर्धन म्हणजे अगदी घरचा माणूस, लहानपणापासून तेच ऐकलेलं, सभेला आबा मला खांद्यावर बसवून घेऊन गेले होते, कोणती सभा ते मला आठवत नाही पण झेंड्यांचा लाल रंग आणि आबांच्या टाळ्यांचा आवाज आठवतो, ते टाळ्या वाजवायचे तेव्हा खांदा हलायचा आणि मला पडायची भीती वाटायची. मी विचारलं, काहून आबा? ते म्हणाले धोट्यांले देलं. मी परत विचारलं, पण काहून?

मला खरंच राग आला होता. ज्यांचं भाषण ऐकायला दोन पाळ्यांच्या मधे जेवण सोडून थांबायचे, ज्यांच्या युनियनची वर्गणी आजी घरखर्चातून बाजूला काढून ठेवायची, त्यांनाच मत नाही? मी तावातावानं बोलत होते आणि आबा शांतपणे माझे ओठ वाचत होते. माझं झाल्यावर ते म्हणाले, "हे पाय माय. थो पडला तरी सकायी गेटवर येनारच होता. थो कुठी जानार नाही हे आमाले मालूम होतं. ज्याच्यापासून काही भेटलं नसतं त्याले मत देलं, म्हनलं भेटते का पाहू."

हे वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरते आहे.

कारण मिलच्या गेटवरचं युनियनचं काम काय असतं हे मी आबांकडून ऐकत मोठी झाले आहे. बाहेरून लोकांना संप दिसतो, मोर्चा दिसतो. बाकीचं सगळं काम कागदाचं असतं. कोणाला चार्जशीट मिळाली, त्याचं उत्तर सात दिवसांत लिहून द्यायचं, त्याला स्वतःला लिहिता येत नाही. कोणी पंधरा वर्षं बदलीवरच आहे, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तरच काम, त्याला कायम करायचं. महागाई भत्ता किती पॉइंटवर किती वाढला याचा हिशोब. बोनस. कापूस खराब आला की धागा सारखा तुटतो, उत्पादन पडतं आणि दंड कामगाराच्या पगारातून, तर मग कापूस कोणी घेतला ते विचारायचं. लेबर कोर्टाच्या तारखा. तारखेला गेलं की तो दिवस बिनपगारी. हे काम वर्षानुवर्षं करायला वकिलीची डिग्री लागते आणि वकिलीची फी न घेण्याची तयारीही लागते. कापड, वीज, रेल्वे, संरक्षण कारखाने, हातमाग, छापखाने, बर्धन आणि त्यांच्या पिढीचे लोक या सगळ्यांत काम करत होते. पुढं ते आयटकचे सरचिटणीस झाले, देशपातळीवरची सगळ्यात जुनी कामगार संघटना, १९२० ला लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष होते. पण पायरी पायरीनं वर गेलेल्या माणसाची पहिली पायरी ही गेटवरची होती, आणि तिथं मत मागायला कोणी जात नाही, तिथं लोक आपले कागद घेऊन तुमच्याकडं येतात.

म्हणजे आबा जे सांगत होते ते असं की माणूस इतका आपला झाला की त्याला मत द्यायची गरजच उरली नाही. हे किती भयंकर आहे. आणि मला माहीत आहे की ते एकटे नव्हते. आमच्या गल्लीतले, मिलमधले, सभेला हजारोंनी येणारे, टाळ्या वाजवणारे आणि मतदानाच्या दिवशी जात, लाट, विदर्भ, कोण येतंय ते पाहून चिन्ह निवडणारे. यातलं मला विदर्भाचं कारण समजतं, जातीचंही समजतं, या गावात दोन्हींची दुखणी खरी आहेत. पण आदर एका ठिकाणी आणि मत दुसऱ्या ठिकाणी ही जी सवय आपल्याला लागली ती आपण कधी तपासलीच नाही.

नव्वदच्या दशकात बर्धन दिल्लीला गेले. त्याआधी १९८६ ला त्यांच्या पत्नी गेल्या होत्या. १९९६ ला देवेगौडांचं सरकार आलं आणि भाकपनं सरकारमध्ये जायचं ठरवलं, माकपनं, म्हणजे दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षानं, आपल्या ज्योती बसूंना पंतप्रधान होऊ दिलं नाही ते याच वर्षी. भाकपचे सरचिटणीस इंद्रजित गुप्त देशाचे गृहमंत्री झाले, पहिले कम्युनिस्ट गृहमंत्री, चतुरानन मिश्र कृषिमंत्री, आणि गुप्तांच्या जागी पक्षाचे सरचिटणीस बर्धन. पुढची सोळा वर्षं, २०१२ पर्यंत. राहायला अजय भवनात, म्हणजे पक्षाच्या ऑफिसातच, एका छोट्या खोलीत. राष्ट्रीय पक्षाचा प्रमुख, पंतप्रधान कोण होणार याच्या बैठकीत बसणारा माणूस, आणि घर म्हणाल तर एक खोली, पलंग आणि पुस्तकं. आपल्या नागपुरात नगरसेवकाची दुसरी टर्म संपेपर्यंत घरावर किती मजले चढतात ते आपण सगळे बघतोच, मी नावं घेत नाही.

मग २००४. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, रामदासपेठेतल्या एका छोट्या ऑफिसात. वाजपेयींचं सरकार गेलं, डाव्यांचे साठच्या आसपास खासदार, त्यात भाकपचे दहा, आणि त्यांच्याशिवाय सरकार बनत नव्हतं. आधीच्या सरकारनं मॉडर्न ब्रेडवाली कंपनी, बाल्को असे सरकारी उद्योग विकले होते, त्यासाठी वेगळं मंत्रालयच होतं. बर्धनांना पत्रकारांनी त्याबद्दल विचारलं आणि ते हिंदीत म्हणाले की ते निर्गुंतवणूक मंत्रालय भाड में जाए. १७ मेच्या सोमवारी सेन्सेक्स साडेपाचशे अंकांहून जास्त पडला, दिवसात मधे तर आठशेहून जास्त अंकांनी खाली गेला होता, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. अर्थात एका वाक्यानं एवढं होत नाही, बाजाराला डाव्यांवर चालणाऱ्या सरकारचीच भीती होती, पण सगळ्यांच्या तोंडी ते वाक्य होतं. आमच्या ऑफिसात दिवसभर त्यांना शिव्या. कोण हा म्हातारा, याला इकॉनॉमी काय कळते. अर्थशास्त्रात एमए आहेत, आमच्याच नागपूर विद्यापीठाचे, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. नवीन नोकरी होती, सगळे सिनियर होते, मी खाली मान घालून टायपिंग करत राहिले. आबांच्या ऐंशीच्या मताबद्दल मला राग आला तेव्हा हे मला आठवलं नव्हतं, नंतर आठवलं.

घरी आले तर आबा भलतेच खुश. वाक्य त्यांनी कोणाकडून तरी दोनदा लिहून घेतलं होतं कागदावर. शेअर बाजाराचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी मिल चालू असताना पाहिली होती, आणि भोंगा बंद झाल्यावर त्याच वस्तीतले पंचेचाळीस-पन्नासचे कारागीर रिक्षा ओढताना, भाजीची गाडी लावताना पाहिले होते, आणि कारखाना विकणं म्हणजे काय हे त्यांच्यासाठी पेपरातलं धोरण नव्हतं. मला वाटतं बर्धनांसाठीही नव्हतं. ते बोलले तेव्हा दिल्लीत उभे होते, पण त्यांच्या डोळ्यांसमोर कोणती गेटं असतील ते आम्हाला इथं बसून दिसत होतं.

त्या पाच वर्षांत माहिती अधिकार आला, रोजगार हमीचा केंद्राचा कायदा आला, २००६ ला वनहक्क कायदा आला, आणि या सगळ्यांत डाव्यांचा रेटा होता हे विरोधकही मान्य करतात. गडचिरोलीत आज जी गावं सामूहिक वनहक्काखाली स्वतः बांबू विकतात त्यांना कदाचित बर्धन हे नाव माहीतही नसेल. २००८ च्या जुलैत अणुकरारावर डाव्यांनी पाठिंबा काढला. सरकार वाचलं, आणि पुढच्या निवडणुकीत भाकप दहावरून चारवर आली. मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं की तो निर्णय चुकला. अमेरिकेबद्दलची त्यांची शंका प्रामाणिक होती, पण ज्या रोजगार हमीसाठी, ज्या वनहक्कासाठी सरकारला धरून ठेवलं होतं त्यावरची पकड सुटली, आणि अणुकरार तर झालाच. चुका सांगायच्या त्या यासाठी की हा माणूस कोणी देव नव्हता, आणि देव केलं की आपण त्यांना मत न देण्यातून सुटतो, फोटोला हार घातला की झालं.

२०१२ ला पाटण्याच्या अधिवेशनात त्यांनी जबाबदारी सुधाकर रेड्डींकडं दिली, सत्त्याऐंशी वर्षांचे होते. डिसेंबर २०१५ मध्ये पक्षाघात झाला, दिल्लीच्या सरकारी पंत हॉस्पिटलमध्ये होते, तिथंच गेले.

त्या रात्री आबांनी शेवटी एकच विचारलं, "इकडं आनतीन का?" मी म्हटलं नाही आबा, दिल्लीतच करतील. ते बरं म्हणाले आणि झोपले. सोमवारी ४ तारखेला तिकडं निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी सकाळी आबा आंघोळ करून, पांढरा शर्ट-पायजमा घालून, वरून माझ्या भावाचं जॅकेट चढवून तयार. म्हणाले, गेटवर ने मले.

मिल बंद होऊन किती वर्षं झाली होती. एम्प्रेस मिलच्या जागेवर तर मॉल आहे, आबांच्या मिलच्या जागेभोवती तेव्हा नुसते पत्रे ठोकलेले होते. ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकून मी ऑटो केला. ऑटोवाल्याला गेट कुठं म्हणून सांगायचं कळेना, आबाच हातानं दाखवत होते, इथून डावीकडं, आता सरळ, आता थांबव. खाली उतरून ते पत्र्याच्या कडेकडेनं हळूहळू चालत गेले, एका जागी थांबले, परत दोन पावलं मागं आले. पायानं माती सारखी केली.

"स्टूल इथं ठेवत जाओ," ते म्हणाले. "आन् मी थ्या नालीजवळ उभा राहो. तिथून ऐकू ये."

नाली होती अजून. ते जाऊन तिथं उभे राहिले, हात मागं बांधून, आणि समोर पाहत राहिले. मागून बस गेली, दोन ट्रक गेले, ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, वेटिंगचे पैसे वाढत होते. आबांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मी ऑटोवाल्याला हातानंच थांब म्हटलं.